सिस्टरच्या हातांचं पाणी

आमच्या घरात पाणी वाया घालवायची हिंमत आजवर एकाच बाईने केली, आणि ती आमच्या घरची नव्हती.

चेन्नईत तो पाणीटंचाईचा उन्हाळा. आमच्या वेस्ट मांबलमला पाण्याची लॉरी आली की प्लास्टिकचे कुडम, म्हणजे घागरी, घेऊन मी सगळ्यांच्या पुढे. (चौथी नापास असलो तरी कोपर कुठे लावायचं ते मला शिकवावं लागत नाही.) त्यातच बायकोच्या पायाच्या बोटाला शुगरमुळे जखम झाली. "चिघळली तर बोट कापावं लागेल," असं सांगून डॉक्टरांनी ड्रेसिंगला घरी सिस्टर पाठवली. सेल्वी तिचं नाव.

ती आल्याआल्या हात धुवायची, मग हातमोजे घालायची. मोजे काढले की परत धुवायची.

"मोजे घालतेस, मग हात कशाला धुतेस?"

"मोजे असले म्हणून जंतू घाबरत नाहीत, तात्ता. ओता पाणी. वरून, धारेने." (तात्ता म्हणजे आजोबा.)

रेल्वेच्या कारखान्यात साहेबाला सलाम न ठोकणारा मी, पोरीच्या हातांवर तांब्याने पाणी ओतत उभा! पण पाणी सोडलं नाही. खाली परात धरली आणि फरशी पुसायला म्हणून सगळं पितळी हंड्यात भरलं.

"ते फेका हं," सेल्वी म्हणाली.

"फेकतो की." मी हंड्यावर झाकण ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिरुवल्लिकेणीहून मेहुणा बहिणीला बघायला आला. मी खाली लॉरीची वाट बघत होतो, तेवढ्यात गुणी माणसाने हंड्यातलं पाणी घेऊन कॉफी केली. फेस असा, की खाली बसेना.

"दाजी, जमली का?"

"याला म्हणतात कॉफी!"

बायकोने पेला तोंडाशी नेऊन खाली ठेवला. "अहो, साबणाचा वास येतोय."

"औषधांनी तुझं नाक बिघडलंय. आण इकडे." तिचीही मीच प्यालो. मेहुण्याने मोठ्या मनाने आपलीही मला दिली.

संध्याकाळी पोटाने असा गोंधळ मांडला की घरातले सगळे कुडम रिकामे झाले.

सकाळी आल्यावर सेल्वीने हंडा हुंगला, मोरीत पालथा केला आणि माझी खाट बाहेरच्या खोलीत लावली. "पोट बरं होईपर्यंत आजींच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही."

मी कुणाच्या बापाचं ऐकणारा नव्हे. पण आतून बायको म्हणाली, "अहो, बोट माझं आहे." मग खाटेवर जाऊन पडलो.

जखम सुकत आली. दवाखान्यात डॉक्टरांनी बोट उलटसुलट बघितलं. "छान! घरी काय काळजी घेतलीत?"

मी घसा खाकरला.

"यांना आत येऊ दिलं नाही," बायको म्हणाली.

"उत्तम. तेच चालू ठेवा."

तेव्हापासून खाट बाहेरच आहे.