नकाशातला पाच फुटी पलंग

कराडच्या फलाटावर मी अहमदाबादच्या गाडीची वाट बघत उभा होतो, तेव्हा माझ्या पिशवीतून टी-स्क्वेअरचा दांडा हातभर बाहेर आला होता. येणारे-जाणारे विचारत होते, हे काय हत्यार? अण्णा, म्हणजे माझे वडील, मोठ्या अभिमानानं सांगत होते, "पोरगं नकाशे काढतंय. बडोद्याला चाललंय." आई दर दोन मिनिटांनी भाकरीचं गाठोडं एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. धाकटा महेश तेव्हा आठवीत. त्याला मी जातोय याचं दुःख कमी आणि आता माझी सायकल त्याची होणार याचा आनंद जास्त. गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीबरोबर चार पावलं चालले आणि म्हणाले, "अंग टाकायला जागा मिळाली की कळव. बाकीचं मग बघू."

जागा मिळाली ती नागरवाड्यात, एका मराठी काकूंकडे, वरच्या मजल्यावर. काकूंचे आजे-सासरे संस्थानच्या दफ्तरात होते, त्यामुळे मराठी अगदी शुद्ध, पण मध्येच गुजराती डोकवायची. खिडकीला त्या बारी म्हणायच्या. "बारी उघडी टाकून जाऊ नकोस हं, माकडं येतात ने!" दहा बाय दहाच्या त्या खोलीत आम्ही चौघं. चार गाद्या टाकल्या की दार उघडायचं नाही, म्हणून शेवटी येणाऱ्यानं आधी आत यायचं आणि मग आपली गादी अंथरायची. तक्रार कुणाचीच नव्हती. गावाकडं तरी कुठं ऐसपैस होतं? पुढं पडवी, मधलं घर, मागं चूल. मधल्या घरात आम्ही सगळे ओळीनं झोपायचो, आत्या आली की ओळ जरा दाटायची, एवढंच.

नोकरी अलकापुरीत, एका आर्किटेक्टच्या ऑफिसात. तिथं पहिल्याच आठवड्यात मी एक बेडरूम काढून दाखवली, आठ बाय नऊची. सर गुजराती, स्वभावानं थंड. त्यांनी पेन्सिल घेतली, माझ्या खोलीत पलंग काढला, मग कपाट काढलं, मग कपाटाचं दार उघडून दाखवलं. ते दार थेट पलंगावर आपटत होतं. म्हणाले, "दत्ताभाई, माणस सूए एटली नहीं, फरे एटली जग्या जोईए." झोपायला लागते तेवढी नव्हे, वावरायला लागते तेवढी जागा. पलंग सहा बाय साडेसहा. दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट, म्हणजे एकाला उठायचं तर दुसऱ्याच्या अंगावरून जावं लागू नये. पायथ्याशी तीन-साडेतीन फूट, त्यापुढं दोन फुटांचं कपाट. झाली दहा बाय बारा. त्याच्या खाली जाऊ नका, वर जाल तेवढं चांगलं.

बावीस वर्षं मी हेच काढतोय. डबल बेडरूम केवढी असावी हे मला झोपेतून उठवून विचारा. पण धंद्याचं एक गुपितही सांगून टाकतो, नाही तर पुढचं कळायचं नाही. बिल्डरला खोली लहान काढून हवी असते आणि ब्रोशरमध्ये ती मोठी दिसायलाही हवी असते. मग आम्ही पलंगच लहान काढतो. पाच बाय साडेपाच. भोवती भरपूर पांढरी जागा दिसते, गिऱ्हाईक खूश. सॅम्पल फ्लॅटमध्ये सुतारही तसाच पलंग करून ठेवतो. बघायला आलेला माणूस त्यावर आडवा थोडाच होतो! सरांना हे आवडत नसे, पण बिल्डर ऐकत नसत, आणि काढणारा हात माझा असे.

माझा स्वतःचा फ्लॅट पादरा रोडला. त्याच्या दोन्ही बेडरूम मी घेण्याआधी टेप लावून मोजल्या होत्या, एवढा मी शहाणा. अण्णा तो बघायच्या आधीच गेले. आई आली. तिला एक अख्खी खोली दिली, नवा पलंग, नवी गादी. सकाळी पाहतो तर आई हॉलमध्ये चटईवर. मला राग आला. कुणासाठी केलं हे सगळं, असं मी तिला ऐकवलंसुद्धा. ती म्हणाली, "दार लावलं की कुणाचा आवाजच येत न्हाई रं. आपण एकटंच हाय असं वाटतंय." आठ दिवसांनी ती परत गेली. मी मनात धरून बसलो की आईला माझं बडोदं काही रुचलं नाही.

या वर्षी महेशचा फोन आला. जुनं घर पाडून नवं बांधायचं ठरलं होतं. भिंतींना ओल धरलेली, पत्रे गळायला लागलेले, पाडणं भागच होतं. "दादा, नकाशा तूच काढायचा. खाली हॉल नि स्वयंपाकघर, वर दोन खोल्या. एक पोरांना, एक आम्हाला. आई खाली हॉलमध्येच झोपणार म्हणते. डबल बेडरूम केवढी असावी रे?" शेवटचं जरा लाजतच विचारलं त्यानं. त्याच्या लग्नाला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तो आणि वैशाली त्याच मधल्या घरात, साडीचा पडदा लावून राहिलेत. वैशालीच्या माहेरून आलेला पलंग जोडायला जागा नाही म्हणून भिंतीला टेकवून ठेवलाय. त्यावर गोधड्या वाळत घालतात.

मी म्हणालो, दोन दिवसांत पाठवतो. बसलो नकाशाला, आणि खरं सांगतो, हात चालेना. दोन खोल्या व्यवस्थित बसत होत्या. माझी खोली त्यात नव्हती. महेशनं मागितली नव्हती, त्याचं काही चुकलंही नव्हतं, पण मला ते लागलं. जुनं घर उभं होतं तोवर आपलं तिथं काय, हा प्रश्नच पडला नव्हता. आता कागदावर सगळं नव्यानं मांडायचं म्हटल्यावर आपण कुठंच नाही, हे दिसलं. सुनीताला, माझ्या बायकोला, बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "वर्षाचे चार दिवस जाता. त्यालासुद्धा खोली हवी?" लेक मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "आपणी रूम तो अहियां छे ने, पप्पा." आपली खोली तर इथं आहे, म्हणजे. दोघींचंही खरंच होतं. भीती होती ती मला. एकदा का त्या घरात माझी जागा उरली नाही, की मग मी कुठला?

शेवटी मी तिसरी खोली काढली. जागा कुठून आणणार? पोरांची खोली थोडी आवळली आणि महेशची चांगलीच आवळली. नऊ बाय दहा. ती लहान दिसायला लागली, तेव्हा बावीस वर्षांची सवय कामाला आली. त्याच्या खोलीत मी पाच बाय साडेपाचचा पलंग काढला. खोली छान मोकळी दिसली. तिसऱ्या खोलीवर काय लिहायचं यावर बराच वेळ घालवला. 'दत्ता' लिहायची लाज वाटली. लिहिलं, 'गेस्ट बेडरूम'. आणि पाठवून दिलं.

महेश ड्राफ्ट्समन नाही, त्याची पिठाची गिरणी आहे. त्याला नकाशा वाचता येत नाही, म्हणून त्यानं साधा उपाय केला. दारासमोरच्या मोकळ्या जागेत पांढऱ्या फक्कीनं खोली आखली, नऊ बाय दहा, आणि तो भिंतीला टेकवलेला पलंग अकरा वर्षांनी प्रथमच जोडून त्यात ठेवला, पायथ्याशी घरातलं कपाटही आणून ठेवलं. मग फोटो पाठवला. पलंग आणि फक्कीची रेघ यांच्यामध्ये वैशाली अंग तिरकं करून उभी होती आणि हसत होती. पोरं पलंगावर उड्या मारत होती. खाली महेशनं लिहिलं होतं, 'दादा, कपाट उघडत नाही. माझंच मोजायला काही चुकलं का?'

त्या ओळीनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिल्डरच्या गिऱ्हाइकाला शंका येते, ते भांडायला तरी येतं. माझा भाऊ स्वतःचीच चूक शोधत होता.

मी ऑफिसातूनच फोन लावला. म्हणालो, तुझं नाही, माझं चुकलं, पलंग मी लहान काढला. का काढला ते मात्र सांगितलं नाही. तो म्हणाला, "असू दे रे, तुझ्या मागं कामं किती. पण दादा, ही गेस्ट बेडरूम कुणाला? आपल्याकडं कोण येतंय राहायला?" मागून आई विचारत होती, काय म्हणतोय दत्ता. महेशनं तिला सांगितलं असावं, कारण तिनं फोनच घेतला.

"पाव्हण्याची खोली कशापायी काढलीस रं?"

आता आईशी काय खोटं बोलणार? म्हणालो, "आई, मी आलो की असावी म्हणून."

ती म्हणाली, "तू कवापासून पाव्हणा झालास? पाव्हण्याला खोली लागती, बाबा. तू आलास की माझ्या शेजारी हातरूण टाकायचं. आजवर कुठं टाकत हुतास?" तिचा आवाज चढला नव्हता, दुखावला होता. ऑफिसात समोर दोन नवी पोरं कॉम्प्युटरवर काम करत होती, त्यांच्यासमोरच माझे डोळे भरून आले. मला वाटत होतं घरच्यांनी मला बाहेर काढलं. कागदावर तर स्वतःला पाहुणा मीच लिहिलं होतं. आणि हॉलमधल्या चटईवर आई का आली होती, तेही मला आत्ता, इतक्या उशिरा समजलं.

संध्याकाळी नकाशा पुन्हा उघडला. तिसऱ्या खोलीच्या दोन्ही भिंती काढून टाकल्या. महेश आणि वैशालीची खोली झाली बारा बाय तेरा. पलंग काढला तो खराखुरा, सहा बाय साडेसहा, दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट, कपाटाची दोन्ही दारं सताड उघडतील अशी. पोरांचीही खोली वाढली. खालच्या हॉलमधला सोफा एका भिंतीला सरकवला आणि मधली जागा मोकळी सोडली. आमच्या धंद्यात जमिनीवरच्या अंथरुणांना कसली खूण नसते, त्यामुळे ती काढता आली नाहीत. पण मी मोजून घेतलं. आई, मी, सुनीता, लेक, आणि पोरं खाली झोपायचा हट्ट करणारच, तर ती दोघं. सगळे ओळीनं बसतात. भिंतीजवळ आत्याएवढी जागा उरतेसुद्धा.