सिस्टरने उकळलेला विशेष

पोट कापावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेव्हा मी पोटाचं काही विचारलंच नाही. म्हटलं, "माहा विशेष हातात राहू द्याल काय?"

त्यांना काही कळलं नाही, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? आम्ही महानुभाव. आमचे देव जिथे बसले-उठले, तिथल्या दगडाचा तुकडा आम्ही जपतो. देवांचा स्पर्श झालेला म्हणून त्याला नमस्कार करतो. तोच विशेष. माझा बोराएवढा होता, लग्नात आईने पिशवीत शिवून गळ्यात घातलेला.

दुखणं अपेंडिसाइटिसचं. आतड्याला करंगळीएवढं शेपूट असतं, ते सुजतं. वलगावला वांगी तोडताना कळ आली, तर मी शहाणी ओवा चावत घरीच बसले. तुम्ही बसू नका. पोटात उजवीकडे खाली दुखून ताप आला, की दवाखाना गाठा. दमणीतून, म्हणजे छोट्या बैलगाडीतून, अमरावतीला येईस्तोवर माझा जीव अर्धा झाला होता.

शेजारच्या खाटेवर अकोल्याच्या काकू होत्या. त्यांनी मायेने अंबादेवीचा अंगारा पुढे केला. मी हात जोडून नको म्हटलं, कारण आम्हाला दुसऱ्या देवाचं चालत नाही. काकू चमकल्याच. "तू किरिस्ताव झाली काय वं?" आणि खरी ख्रिस्ती सिस्टर समोरच उभी! देवीचा अंगारा नको म्हणणारी बाई दगडासाठी रडते, हे तिलाही उमगेना. कळा येत असताना मी तरी काय समजावून सांगणार?

आपरेशनच्या खोलीत बाहेरची वस्तू चालत नाही, तिच्यावर जंतू असतात, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे किडे, असं सिस्टर म्हणाली. मग मीही येत नाही, म्हटलं. माझे मालक काकुळतीला आले. "जीव वाचला त मंग कितीबी नमस्कार करजो." पण विशेषाशिवाय बेशुद्धीतच मेले तर? मला भीती त्याचीच होती.

 मग सिस्टर पिशवी मागून घेऊन गेली. परतली ती दगड पांढऱ्या जाळीच्या कापडात बांधून. चाकू-कात्र्यांबरोबर तिने तो उकळला होता. "आता हा माझ्या चाकूइतकाच स्वच्छ आहे," म्हणाली, आणि माझ्या तळहातावर बांधला.

आईचे टाके उसवले होते. आणि उकळत्या पाण्यात देवांचा स्पर्श राहिला की गेला? हिच्यावर चिडू की हिच्या पाया पडू? काही ठरायच्या आत क्लोरोफॉर्मचा, म्हणजे गुंगीच्या औषधाचा, गोडसर वास आला. मी मूठ आवळली.

जाग आली तेव्हा मूठ मिटलेलीच होती, आणि तिच्यावर सिस्टरचा हात होता. गुंगीत माझी बोटं सुटत होती, म्हणून ती तशीच धरून बसली होती, असं मालकांनी सांगितलं. मला रडूच आलं.

घरी आल्यावर मठातल्या बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी विशेष कपाळाला लावला आणि मला परत दिला. म्हणजे स्पर्श राहिला, असं मी धरून चालते.

दवाखान्यात जाल तर आपलं काय चालतं, काय नाही, ते आधीच सांगा. कळा सुरू झाल्यावर सांगता येत नाही. माझा घोळ मात्र अजून मिटलेला नाही. रोज सकाळी विशेषाला नमस्कार करताना देवाच्या आधी त्या सिस्टरचा हात आठवतो. हे आमच्यात चालतं का, ते बाबांना विचारायचं आहे. ते नको म्हणाले तर काय करू, म्हणून विचारत नाही.