गाडीचे खांदे

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मला भंडाऱ्याला नर्सिंगच्या शिक्षणासाठी हजर व्हायचं होतं. दुपारपर्यंत पोचले नाही तर जागा दुसऱ्या मुलीला जाईल, असं साफ सांगितलेलं. सकाळची एसटी लाखांदूरहून आमच्या फाट्यावर यायची. पण बाबा ऐकतील तर ना! घरची मोटार असताना पोरीनं एसटीत धक्के कायले खायचे, म्हणाले. एसटी निघून गेली आणि मोटार काही सुरू होईना.

मोटार कसली, तुमसरच्या एका गिरणीवाल्यानं वापरून वापरून काढून टाकलेलं धूड. बाबांनी ते हौसेनं घेतलं होतं. दुरुस्तीही स्वतःच करायचे, दुसऱ्या कोणाला बॉनेटला हात लावू द्यायचे नाहीत. किल्ली फिरवली की इंजिन नुसतं घरघरायचं. इकडे माझा जीव टांगणीला लागलेला आणि हे आपले निवांत पान चघळत उभे.

आधी त्यांनी पेट्रोलची नळी काढून पाहिली. पेट्रोल येत होतं. मग एक प्लग काढून इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि मला किल्ली फिरवायला लावली. ठिणगी पडेना. म्हणजे पेट्रोल आहे, करंट नाही, एवढं मलाही कळलं. बॅटरी ठीक, वायरी ठीक. राहिला तो डिस्ट्रिब्यूटर, जिथून सगळ्या प्लगांना करंट वाटला जातो. त्याचं टोपण उघडलं तर आत सगळीकडे पिवळं, चिकट काहीतरी माखलेलं. बाबांनी बोटावर घेऊन वास घेतला. तूप होतं, हळद घातलेलं.

आमच्याकडे पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे शेकतात. जू ओढून दुखावलेल्या खांद्यांना पळसाच्या पानानं तूप-हळद चोळतात. त्या संध्याकाळी बाबा हेच टोपण काढून आत साफसफाई करत बसले होते आणि मध्येच उठून बैलांकडे गेले होते. परत आले तोवर अंधारलं होतं. टोपण त्यांनी चाचपडतच बसवलं.

त्यांनी मायला हाक मारली. ती दारातच उभी होती.

"तुमीच त म्हणलं होतं," ती म्हणाली, "का हेच गाडीचे खांदे समज, सारा भार याच्यावरच हाय म्हून. पोरीले इतक्या दूर नेणार हाय, मंग इचे खांदे नाई शेकायचे का?"

बाबा चिंधी शोधू लागले. शब्द त्यांचाच होता. मला मात्र रडू फुटलं. माझ्या जाण्याला तिनं आजवर हो म्हटलं नव्हतं. विषय निघाला की ती उठून चुलीकडे जायची, म्हणून मी तिच्यावर महिनाभर धुसफुसत होते.

बाबांनी पेट्रोलच्या चिंधीनं सगळं पुसून काढलं. पण एव्हाना किल्ली फिरवून फिरवून बॅटरी मेली होती. मग शेजारपाजारचे धक्का मारायला आले. मायनंही लुगडं खोचलं आणि मागून जोर लावला. उतारावर इंजिनानं पकडलं.

माझं तिच्या पाया पडायचं राहिलं होतं. बाबांना म्हटलं, थांबवा जरा. त्यांचा पाय ब्रेककडे गेलेला मायला कसा कळला कोण जाणे.

"थांबवू नोका," ती मागून ओरडली. "जाऊ द्या तिले."