बांगडी फिरते का?

दिवस गेलेली बाई आमच्या सौंसरच्या घरी आली की मोठ्याई पाण्याचा पेला देण्याआधी तिचा हात धरायची आणि मनगटावरची बांगडी फिरवून पाहायची. मोठ्याई म्हणजे माझी थोरली काकू. बांगडी सहज फिरली तर म्हणायची, "बस माय, संत्रं खा." अडली तर मात्र त्या बाईच्या सासूची धडगत नसे. इतकी वर्षं झाली, पण माझा हात तसा पुन्हा कुणी धरला नाही.

तिच्या स्वतःच्या वेळी हिरवा चुडा मनगटात रुतला होता. चेहरा सुजलेला, डोळ्यांपुढे काजवे. सासू मात्र शेजारणींना कौतुकानं सांगायची, "कशी अंगानं भरून राहिली पाहा!" सवाशिणीचा चुडा फोडायचा कसा, म्हणून कुणी हात लावला नाही. झटके आले तेव्हा कुठे तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी चुडा कापला, मग दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधला. मायलेक दोघंही वाचली.

सूज उतरली, हातातली बांगडी फिरू लागली आणि मोठ्याईनं विषय मिटवला. "पोरगं झालं, बला गेली." पुढे वर्षानुवर्षं तिचं डोकं ठणकायचं. ती कपाळाला फडकं करकचून बांधायची आणि तशीच चुलीपुढे बसायची. आम्हाला ते फडकं तिच्या कुंकवाइतकंच सवयीचं झालं होतं.

राज्यांची नवी वाटणी झाली. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. त्याच सुमारास बोरगावच्या एका सुनेची बांगडी अडली. सासू कुरकुरली, "आता परक्या राज्यात कायले न्यायचं पोरीले?"

"राज्य गेलं तं गेलं," मोठ्याई कडाडली, "बस तं जाऊन राहिली ना!" आणि स्वतःच तिला घेऊन गेली. पोरगी सुखरूप बाळंत झाली. मोठ्याई त्याच दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून होती, कपाळाला फडकं बांधून. स्वतःचा दाब मोजून घ्यावा, हे तिच्या मनातही आलं नाही.

पुढच्या संक्रांतीला हळदीकुंकू लावताना तिच्या हातून करंडा पडला. उजवी बाजू लुळी झाली, वाचा गेली. नागपूरला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई हळहळल्या. "बाळंतपणानंतरही दाखवत राहायला हवं होतं. दाब तेव्हापासून आतल्या आत रक्तवाहिन्या खराब करत होता."

मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते. तिच्या उशाशी बसले, तर तिनं डाव्या हातानं माझी बांगडी फिरवली. ती फिरली, तशी अर्ध्या ओठांनी हसली.

मग मी तिची फिरवून पाहिली. तीही सहज फिरली.