म्हातारीच्या ताटल्या

आमच्या कोल्हापुरात शेजारणीचं भांडं कुणी रिकामं परत करत नाही. घरात काही नसलं तर तळाला चिमूटभर साखर घालतात, पण घालतात. ही रीत पाळायच्या नादात मी एक माणूस गमावून बसणार होते.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. ओतकामातलं पुढचं शिकायला माझ्या नवऱ्याला कारखान्यानं वर्षभर ऑस्ट्रियाला पाठवलं, त्याच्या मागोमाग मीही गेले. एका लहान गावात माडीवरच्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. खाली घरमालकीण राहायची, सत्तरीची, एकटी. नवरा सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. मला तिथली भाषा येत नव्हती, कांदेसुद्धा बोट दाखवून घ्यायचे. दिवसा माझ्याशी बोलणारी तेवढी ही म्हातारी.

दर बुधवारी दुपारी ती ताटलीत काहीतरी घेऊन वर यायची. पहिल्यांदा आणली सफरचंद घातलेली गुंडाळी. तिचा पापुद्रा बघून माझ्या चिरोट्यांचा तोरा तिथंच उतरला. मग खसखशीचं सारण भरलेली वडी आली, मग आलुबुखाराची, मग अक्रोडाची. जिन्यात एक नकाशा टांगला होता. त्यावर बोट ठेवून ती दाखवायची, हे या खोऱ्यातलं, हे त्या डोंगरापलीकडचं. मी खायचे, ती माझ्या तोंडाकडं बघत बसायची. मग दोघी आपापल्या भाषेत तासभर बोलायचो. काय बोलायचो ते देवाला ठाऊक, पण बरं वाटायचं.

ताटल्या मात्र माझ्याकडं साठत गेल्या. चिमूटभर साखर घालून देता आली असती, पण एवढं राबून केलेल्या पदार्थाला साखर देऊन बोळवायचं? माझा ताठा आडवा आला. पुरणपोळीच द्यायची, तीही आपल्या गुळाची. आईला पत्र टाकलं, गूळ आणि हरभऱ्याची डाळ पाठव. पार्सल बोटीनं येणार, म्हणजे यायला महिने लागणार.

नवरा म्हणाला, "अगं, देऊन टाक की ताटल्या."

"रिकाम्या? आमच्यात न्हाय चालत तसं," मी फटकारलं.

पाचव्या बुधवारी म्हातारी आली नाही. सहाव्यालाही नाही. जिन्यात भेटली तर मान हलवून आत जायची. मला वाटलं, माझ्या हसण्यात काही चुकलं असेल, बोलण्यात चुकलं असेल. दुपारभर खिडकीशी बसून मी रडले. कोल्हापूर सोडून आल्यावर इतकं एकटं कधीच वाटलं नव्हतं.

एकदा केर टाकायला खाली उतरले. तिचं दार उघडं होतं. ती जेवत होती, पातेल्याच्या झाकणात. मागचं फडताळ सताड उघडं, त्यात दोन कप आणि एक वाडगा. बाकीचं सगळं माझ्याकडं, धुऊन पुसून, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. तिला मागता येईना, आणि मी बया रीत सांभाळत बसले होते.

गूळ गेला खड्ड्यात, म्हटलं. मैदा, साखर आणि दुकानातली खसखस घेऊन करंज्या केल्या. दोन फुटल्या, तशाच घेतल्या. सगळ्या ताटल्या एकावर एक रचून, वरच्या ताटलीत करंज्या ठेवून खाली गेले. "रिकामी नाही, रिकामी नाही," एवढंच मला तिच्या भाषेत जमलं. तिला काही कळलं नसावं. तिनं ताटल्या घेतल्या, फुटकी करंजी तोंडात घातली आणि दार लोटून घेतलं. मी जिन्यातच उभी राहिले. आता ही परत कशाला येतेय, असं वाटलं.

पुढच्या बुधवारी दार वाजलं. म्हातारी उभी होती. काही आणलं नव्हतं. आत येऊन आपल्या नेहमीच्या खुर्चीत बसली आणि बोलायला लागली.