ओदेलूचा पिवळा ठिपका

हनमकोंड्यात एखाद्या नव्या इमारतीत पीओपीचं छत बसायच्या आधी कुणी वर रॉडला माकडासारखा लोंबकळताना दिसला, तर खुशाल समजावं, हा ओदेलू. स्लॅबमध्ये भोक पाडायचं, त्यात फास्टनर ठोकायचा, फास्टनरला रॉड, रॉडला क्लॅम्प आणि क्लॅम्पमध्ये पाइप. मग तो पाण्याचा असो की वायरिंगचा. हे काम आमच्याकडे ढिगानं माणसं करतात. पण केलेल्या कामाला स्वतःचं वजन टांगून बघणारा हा एकटाच. लोंबकळून झालं की कोमुरवेल्लीच्या मल्लन्नाचा भंडारा बोटावर घ्यायचा आणि नटावर ठिपका लावायचा. कुणी नट हलवला की ठिपका मोडतो, आणि ठिपका मोडला की ओदेलूचं डोकं फिरतं.

तसं व्हायला कारणही घडलं होतं. पूर्वी एका कापडदुकानात केबलवाल्यांनी आपली केबलची मोळी गुपचूप याच्या रॉडवर चढवली. पाइप खाली आला, गल्ल्यावर बसलेल्या शेटचा खांदा मोडला आणि नाव ओदेलूचं खराब झालं. तेव्हापासून हा ताकच काय, पाणीसुद्धा फुंकून पितो. कुणी शिडी मागायला आलं तरी याला त्यात डाव दिसतो. बायको पोचव्वा म्हणायची, "माझ्या अंबाडीच्या भाजीतलं मीठसुद्धा तुम्ही चोरी पकडायला आल्यासारखं चाखता."

सगळ्यात जास्त जाच धाकट्या भावाला, सम्मय्याला. तो याच्याच हाताखाली ड्रिल चालवायचा. ड्रिलचं बिट मोडलं की ओदेलू चारचौघांत विचारणार, "मोडलं, की विकलंस?" सम्मय्या मान खाली घालून नवं बिट लावायचा. गरीब गाय, बोलणार काय?

त्या वर्षी एका नव्या लग्नाच्या हॉलचं काम आलं. पहिलं लग्न ठरलेलं, मांडवाची जागाही ठरलेली, आणि नेमकी तिच्या डोक्यावरून आग विझवायच्या पाण्याची जाड लोखंडी लाइन जायची होती. एवढ्यात ओदेलू तापानं आडवा झाला. मांडवावरची ओळ सम्मय्यानं एकट्यानं पुरी केली. लाइनीत अजून पाणी भरलं नव्हतं. रिकामा पाइप काय हो, सुतळीवरही टिकतो.

ओदेलू परत आला तेव्हा पीओपीवाले शीट घेऊन उभे होते आणि मॅनेजर नरसिंगराव येणाऱ्याजाणाऱ्याला घड्याळ दाखवत होता. ओदेलू तसाच, अंगात कसकस असताना, शिडीच्या घोड्यावर चढला. ठिपके सगळे जागेवर होते. पण एका रॉडला याकूब एसीवाल्यानं आपला तांब्याचा पाइप तारेनं बांधलेला, आणि त्याच रॉडच्या बुडाशी, स्लॅबला, पांढऱ्या सिमेंटचा ओबडधोबड लेप. ओदेलूच्या मनात लगेच पाल चुकचुकली. यानं रॉड काढला, आपल्या सोयीनं सरकवला आणि वरून लिंपलं. केबलवाल्यांचाच भाऊ हा.

"याकूब, इकडे ये."

"बोला ओदेलूअण्णा. ताप उतरला का?"

"माझ्या तापाचं राहू दे. माझा रॉड कुणी काढला?"

"पाइप मी टेकवलाय, खरं आहे. आत्ता सोडवतो. पण ते लिंपण माझं नाही."

"मग काय छताला आपोआप पुटकुळ्या आल्या?"

पीओपीवाले खो खो हसले. याकूब नाही हसला. "ठिपका तर शाबूत आहे ना तुमचा? देवाच्या भंडाऱ्यावर तरी विश्वास आहे की तोही मीच पळवला? लटकून बघा की. त्याच्यासाठीच तर गावभर नाव आहे तुमचं."

नरसिंगराव खालून ओरडला, "ओदेलू, तुझं भांडण संध्याकाळी ताडी पिताना कर. आधी शीट चढू दे."

"लटकतोच," ओदेलू म्हणाला. "आणि रॉड निसटला ना याकूब, तर या गावात तुला पंखा बसवायचं काम मिळू देणार नाही."

त्यानं पाइपाला खालून टेकू दिला, क्लॅम्प सोडवला आणि दोन्ही हातांनी रॉड धरला. खाली मांडवाचा दगडी कट्टा होता.

"अण्णा, त्याला नको लटकू."

सम्मय्या होता. घोड्याच्या पायाशी उभा, चेहरा उतरलेला. ओदेलूचे हात रॉडवर तसेच राहिले.

"का?"

"फास्टनर अर्धाच आहे. भोक पाडताना स्लॅबमधली सळई लागली, बिट मोडलं. दुसरं लावलं, तेही गेलं. मग फास्टनर कापून आखूड केला, ठोकला आणि वरून सिमेंट लावलं. याच्या पुढचाही तसाच आहे."

"आणि ठिपका?"

"मीच लावला, लटकून न बघता."

ओदेलूला पहिल्यांदा भीती वाटली. पाणी भरलं असतं, लग्न लागलं असतं, अक्षता पडल्या असत्या, आणि मग?

"अरे, सळई लागली तर भोक सरकवतात, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मला सांगायला काय झालं होतं तुला?"

"सांगितलं असतं तर तू पहिलं काय विचारलं असतंस, अण्णा?"

काय विचारलं असतं ते ओदेलूला माहीत होतं. पीओपीवाल्यांनाही माहीत होतं. या वेळी कुणी हसलं नाही.

ओदेलू खाली उतरला. नरसिंगरावाला म्हणाला, "आज छत बंद होणार नाही. चूक माझ्या ओळीत आहे. काय बोलायचं ते मला बोला." नरसिंगराव बोलला, आईबापांपर्यंत बोलला. ओदेलूनं ऐकून घेतलं. मग तो याकूबकडे वळला, पण माफी मागायची त्याच्या जिभेला सवय नव्हती. "तुझा पाइप सोडवायला मी धरू का?" एवढंच म्हणाला. याकूब म्हणाला, "धरा."

मग ओदेलूनं पिशवीतून नवं बिट काढलं, कमरेची भंडाऱ्याची पुडी काढली आणि दोन्ही सम्मय्याच्या हातात ठेवली.

"भोक सरकवून पाड. तूच लटकून बघ. ठिपकाही तूच लाव."

"तू नाही बघणार?"

"नाही."

सम्मय्या वर चढला. ओदेलू भिंतीकडे तोंड करून बसला आणि भाकरीचा डबा उघडला. वर ड्रिल सुरू झालं. ओदेलूनं घास मोडला, पण तोंडात घातला नाही. बिट पुरतं आत जातंय की नाही, ते तो कान देऊन ऐकत होता.