सोमवारी आलेलं दाबयंत्र

१२ जानेवारी १९८७, सोमवार. सकाळी साडेसातला ढोम्यांची दुसरी पाटी उकळायला लावून मी शेडच्या दारात टेम्पोची वाट बघत उभी होते. टेम्पोतून दाबयंत्र यायचं होतं. ते चालवून बघायचं आणि पसंत पडलं तर संध्याकाळच्या आत खरेदीच्या ठरावावर सह्या करायच्या, एवढं त्या दिवसाचं काम.

आमचा कारखाना म्हणजे मालवण-कुडाळ रस्त्यालगतची पत्र्याची शेड. मच्छीमारांच्या एका सहकारी संस्थेची. तिथे माशाचे कटलेट व्हायचे आणि बर्फाच्या पेट्यांत भरून मुंबईच्या एका कॅन्टीनवाल्याकडे जायचे. मी तिथली व्यवस्थापक. खरेदी समितीत चौघं: संस्थेचे अध्यक्ष, दोन संचालक आणि मी. ठराव मंजूर व्हायला चारही सह्या लागत.

ढोमा हा स्वस्तातला पांढरा मासा. चवीला बरा, पण काटे फार. तो उकळायचा, साल आणि मधला काटा काढायचा, मग मांस फडक्यात बांधून पिळायचं. पाणी राहिलं तर कटलेट तेलात फुटतं. हे पिळण्याचं काम बारा बायका करत. बघणाऱ्याला वाटे की त्या पाणी काढतायत. त्या काटेही शोधत असत. पिळता पिळता फडक्यातून बारीक काटा बोटाला टोचतो, लगेच गाठ सोडायची, काटा काढायचा, पुन्हा पिळायचं. एकाच हाताने दोन कामं. हे कुणी कुणाला शिकवलं नव्हतं आणि कुठल्या कागदावर लिहिलेलंही नव्हतं.

मुंबईची मागणी दुप्पट झाली आणि हात पुरेनासे झाले. यंत्र घ्या, असं आधी मीच म्हटलं होतं. नंतर लोकांनी मला यंत्राची वैरीण ठरवलं, म्हणून हे इथे लिहून ठेवते. मला हवा होता पेच. सावंतवाडीकडे दारूसाठी काजूच्या बोंडूंचा रस काढायला वापरतात तसा, वर आडवी मूठ असलेला, हाताने फिरवायचा. कोल्हापूरच्या एका कारागिराकडून लाकडी पिंपाच्या जागी स्टीलचं भोकांचं पिंप बसवून मी तो पंधरा दिवस वापरायला आणला होता. दोन बायका मूठ फिरवत. अर्धं पाणी गेलं की थांबायचं, पेच सैल करायचा, गोळा बाहेर घेऊन मोकळा करायचा, काटे वेचायचे, पुन्हा दाबायचं. नुसत्या हातांपेक्षा काम तिप्पट व्हायचं आणि बारा बायकांना बारा कामं उरायची.

अध्यक्षांना ते पसंत नव्हतं. ते निवृत्त मुख्याध्यापक, मनाने वाईट नव्हते. पण रत्नागिरीच्या मत्स्यखात्याच्या लोकांनी येऊन बघावं असं काहीतरी त्यांना शेडमध्ये हवं होतं. पेच पहिल्यांदा बघितला तेव्हा म्हणाले, "वयनी, मासळीच्या कारखान्यात ह्या दारू गाळूचा यंत्र कित्याक?"

म्हटलं, "भाऊ, दारू गाळणाऱ्यांका माल खराब केलेलो चालत नाय. तेंच्याकडसून शिकूक हरकत नाय."

टेम्पो नऊला आला. सोबत पुण्याचा विक्रेता, इस्त्रीचा शर्ट, हातात रंगीत माहितीपत्रकं. यंत्र खरंच देखणं होतं. हिरवा रंग, मोटर, तेलाचा दाब, एक दांडा ओढला की वरची जाड थाळी खाली येई. मुळात मटण आणि कोंबडी दाबायला बनवलेलं. विक्रेता म्हणाला, "मॅडम, दोन माणसं पुरतात. बाकीच्यांची गरजच नाही." बारा जणी हातातलं फडकं थांबवून ऐकत होत्या. अध्यक्ष माझ्याकडे न बघता म्हणाले, "ता आपण मगे बघूया." म्हणजे बघून झालेलं होतं.

आता सोमवारचं सांगते. आमच्याकडे बहुतेक घरांत सोमवारी मासे खात नाहीत. त्यामुळे सोमवारी बाजारात मासळी पडून राहते, स्वस्त मिळते, आणि म्हणून आमचं सगळ्यात जास्त काम सोमवारीच. दिवसभर कोपरापर्यंत माशात हात आणि तोंडाला माशाचा कण नाही, याची आम्हाला सवय होती. सोमवारचा माल बर्फात ठेवायचा, मंगळवारी सकाळी तळून चाखायचा आणि मगच पेटीत भरायचा, हा शिरस्ता. कामाची घाई म्हणून सोमवारी यंत्र बोलवलं ते आम्हीच. सोमवारी ते चालवून बघता येईल, चाखून बघता येणार नाही, हे चौघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही.

यंत्र चालू झालं. थाळी खाली आली, पाणी धो धो वाहिलं आणि आतून साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत, कोरडी, पांढरी वडी निघाली. दोन्ही संचालकांनी ती बोटाने दाबून बघितली, वास घेतला. एक म्हणाला, "काय ती सफाय!" दुसऱ्याने पेचातून निघालेला गोळा शेजारी ठेवला. तो ओबडधोबड, जरा ओलसर. बघण्यावर निवडायचं असतं तर मीही हिरवंच घेतलं असतं.

मी विक्रेत्याला विचारलं, "यात काटे कुठे अडकतात?"

"काटे?" तो खुशीत म्हणाला. "काटे राहतच नाहीत मॅडम. एवढ्या दाबाखाली सरळ भुगा होतो."

"आणि भुगा कुठे जातो?"

तो हसला. "चाखून बघा ना."

"तुम्ही चाखा आधी."

"मी शाकाहारी आहे," तो म्हणाला.

मी अध्यक्षांकडे बघितलं. ते म्हणाले, "आज सोमवार." संचालकांनी माना हलवल्या. मांस दाबायचं यंत्र घ्यायला-विकायला जमलेली पाच माणसं, आणि त्यातलं एकही ते मांस तोंडात घालणार नव्हतं. ठराव मात्र टेबलावर होता, तीन सह्या आधीच झालेल्या, चौथी जागा माझी.

मी वडीचा कोपरा मोडला आणि तोंडात टाकला.

मागे बायकांत "गो बाय माझे!" झालं. मी चावत होते. पहिल्यांदा काही कळलं नाही, मऊ लागलं. मग दाढेखाली वाळू आल्यासारखं झालं आणि हिरडीत काहीतरी रुतलं. काट्यांचा भुगा झाला नव्हता. त्यांचे सुईच्या टोकाएवढे तुकडे झाले होते, आणि ते दाबाने मांसात असे बसले होते की आता ते बोटांनाही लागले नसते. मी घास विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर थुंकले आणि जिभेवरून एक तुकडा काढून अध्यक्षांसमोर धरला.

"ह्यो बघा काटो."

ते काट्याकडे बघेनात. "वयनी, आज सोमवार आसा. ठावक आसा मां तुमका?"

"माका ठावक आसा. ढोम्याक ठावक नाय."

एक बाई फिस्सकन हसली. अध्यक्षांचा चेहरा उतरला आणि मग चढला. "सगळ्यांसमोर सोमवार मोडलात! लोकांनी काय म्हणाचा?"

"लोक म्हणतीत तेव्हा म्हणतीत. उद्या मुंबैक कोणाच्या घशात ह्यो अडाकलो तर ते काय म्हणतीत ता सांगा."

"एका घासान काय ठरता? दात तुमचे दुखत असतीत."

"मगे तुमी खावा."

ते खाणार नव्हते. देवाचं मन त्यांना मोडायचं नव्हतं, त्याबद्दल मला आजही त्यांचा राग नाही. पण न खाता सही केली, याचा आहे. पेचातल्या गोळ्याचाही मी घास घेतला. तो नीट लागला, तसं सांगितलं. एक संचालक पुटपुटला, "एकदा बाटला तोंड, आता काय." मी म्हटलं, "तोंड बाटला, माल तरी बाटूक नाय."

सगळ्यात वयस्क बाई, जिला आम्ही सगळ्या आये म्हणायचो, ती फडकं झटकत पुढे आली. "शिरा पडो त्या हिरव्याच्या तोंडार," ती यंत्राला म्हणाली. "माका घराक धाडूचा तर धाडा. पण माझ्या हातान गेलेल्या मालात काटो गावलो असा कोणी सांगूक नाय अजून."

अध्यक्षांनी ठराव माझ्या पुढ्यात सरकवला. आता ते शाळेत बोलत तसं शुद्ध बोलायला लागले. "यंत्र इथेच राहील. उद्या दुपारपर्यंत सही करा. नाहीतर व्यवस्थापकपद सोडा. दुसरा माणूस सही करेल."

"मी सही करूचंय नाय," मी म्हटलं. "आणि सोडूचंय पण नाय."

ते आणि संचालक विक्रेत्याला घेऊन जेवायला गेले. त्याची मुक्कामाची सोय मालवणच्या लॉजवर केली होती. टेम्पो फाटकापाशीच राहिला, सकाळी रिकामा परतायचा होता. आम्ही उरलेली पाटी पेचात घातली आणि काम संपवून घरी गेलो. वाटेत आये म्हणाली, देवाकडे जाऊन माफी माग. मी म्हटलं, मागायची असती तर खाल्लं नसतं. माझ्या हिरडीतून तोपर्यंत थोडं रक्त येत होतं.

संध्याकाळी मी संस्थेचे नियम काढून वाचले. चाचणीसाठी आलेला माल आवकेच्या वहीत व्यवस्थापकाच्या सहीशिवाय जमा होत नाही, आणि जमा नसलेला माल व्यवस्थापकाने ठेवून घ्यायचा नाही. नियम अध्यक्षांनीच केले होते, अक्षरही त्यांचंच होतं.

मंगळवारी सकाळी साडेसहाला मी शेड उघडली. बारा जणी आल्या होत्या. यंत्र जड होतं, पण त्यातल्या प्रत्येकीने लहानपणापासून होडी वाळूवर चढवायला हात लावलेला. माडाचे गोल ओंडके खाली घातले, दोर बांधला, मागे सुटलेला ओंडका उचलून पुन्हा पुढे, असं करत दाबयंत्र फाटकापर्यंत आणलं आणि दोन फळ्यांवरून टेम्पोत चढवलं. टेम्पोवाला डोळे चोळत म्हणाला, "अध्यक्षांनी सांगूक नाय माका."

"तेंका सांग, वयनीन परत धाडल्यान. आणि लॉजवरच्या साहेबांक वाटेत घे."

तो गेल्यावर मी आवकेची वही उघडली. दाबयंत्र एक, चाचणीसाठी आले, परत पाठवले. कारणाच्या रकान्यात "काटे" एवढंच लिहून खाली सही केली आणि आयेला पहिली पाटी उकळायला लावायला सांगितलं.